लायकोपोडियम व त्याचे प्राचीन गणगोत

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. कविता आम्हांस करता येत नाही, आणि संस्थेच्या कार्याचा आढावा घेण्यास आमच्याहून अधिकारी मंडळी येथे आहेत. आम्ही पडलो जीवशास्त्राचे मास्तर. तेव्हा वर्गात वर्षानुवर्षे जे शिकविले, आणि त्यातील जे चुकीचे शिकविले तेही, वाचकांपुढे ठेवावे असे ठरविले. विषय थोडा आडवळणाचा आहे. परंतु तो आपल्या हैदराबादच्या बाजारात, स्वयंपाकघरात आणि कोळशाच्या वखारीत कसा येऊन पोहोचतो, हे पाहिल्यावर वाचक कंटाळणार नाहीत अशी उमेद आहे.

आमच्या शाळेत पदार्थविज्ञानाचे एक जुने कपाट आहे. त्यात तपकिरी काचेची एक बाटली असून तिच्यावर 'लायकोपोडियम पावडर' असे लिहिलेले आहे. बहुतेक जुन्या शाळांत अशी बाटली सापडेल. ऑगस्ट कुंट या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ साली ध्वनीचा वेग मोजण्याची जी नळी तयार केली, तिच्यात ही भुकटी पसरतात. नळीत नाद घुमला की भुकटीचे लहान लहान ढीग ठरावीक अंतरावर उभे राहतात आणि ध्वनिलहरीची लांबी डोळ्यांना दिसते. पुष्कळ शिक्षक हा प्रयोग करून दाखवितात. परंतु ही भुकटी कशाची, असे विचारले तर 'कसले तरी रसायन' असे उत्तर मिळते. आम्हीही नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत तेच उत्तर दिले असते.

ते रसायन नव्हे. ती एका वनस्पतीची बीजुके होत. फिकट पिवळा रंग, हाताला रेशमासारखा स्पर्श, आणि दाणा इतका बारीक की एका मिलिमीटरात सुमारे तीस दाणे ओळीने बसावेत. वाटीभर पाण्यावर ही भुकटी पसरावी आणि तीतून बोट बुडवून काढावे. बोट कोरडेच बाहेर येते. सातवीच्या मुलांस हा खेळ दाखविला की पुढची दहा मिनिटे वर्ग आमच्या हाती राहत नाही. याचे कारण असे की दाण्यांत तेलाचा अंश भरपूर असतो व त्यांच्या पृष्ठभागास पाणी चिकटत नाही. याच तेलामुळे चिमूटभर भुकटी ज्योतीवर फुंकली तर क्षणात मोठा भडका उडतो. (हा प्रयोग मुलांच्या हाती देऊ नये, हे शिक्षक वाचकांस सांगणे न लगे.) युरोपातील नाटकगृहांत रंगमंचावर वीज चमकवावयाची झाल्यास हीच भुकटी वापरीत. फ्रान्समधील नीएप्स बंधूंनी १८०७ साली सोन नदीवर जी नाव इंजिनाच्या बळावर चालविली, त्या इंजिनाचे इंधन लायकोपोडियमची भुकटी हेच होते. पेट्रोलचे नाव कोणी ऐकलेही नव्हते तेव्हाची ही गोष्ट. पुढे २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमध्ये चेस्टर कार्लसन यांनी झेरॉक्सची पहिली प्रत काढली, तेव्हा विद्युत्भारित पट्टीवर अक्षरे उमटविण्यासाठी त्यांनी भुरभुरविली ती हीच. आज आपण दोन रुपयांत प्रत काढून घेतो, तिच्या मुळाशी एका रानटी वनस्पतीची धूळ आहे.

ही धूळ देणारी मुख्य वनस्पती म्हणजे लायकोपोडियम क्लाव्हॅटम. 'लायकोपोडियम' या ग्रीक नावाचा अर्थ लांडग्याचे पाऊल. तिच्या केसाळ फांद्यांची टोके पाहून कोणास तरी लांडग्याचा पंजा आठवला असावा. इंग्रजीत तिला 'क्लब मॉस' म्हणतात. आपण गदाशेवाळ म्हणू या, कारण फांदीच्या टोकास येणारा बीजुकांचा तुरा लहानशा गदेसारखा उभा असतो. होमिओपॅथीच्या दवाखान्यात 'लायकोपोडियम' या नावाच्या साखरेच्या गोळ्या मिळतात, त्यांचेही नाव येथूनच आलेले आहे.

मात्र 'शेवाळ' हा शब्द फसवा आहे आणि तो घोटाळा फार जुना आहे. लिनीयसने १७५३ साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात लायकोपोडियमास मॉसमध्येच बसविले होते. परंतु पावसाळ्यात विहिरीच्या काठावर जी हिरवी मखमल उगवते, त्या मॉसला खरी मुळे नाहीत की पाणी वर नेणाऱ्या नळ्या नाहीत. ती इंच-दोन इंचांच्या वर उठू शकत नाही ती त्यामुळेच. लायकोपोडियमास मात्र मूळ, खोड, पान असे तिन्ही आहेत आणि आतून पाणी व अन्न वाहणाऱ्या नलिकांचे जाळे आहे. आंब्याच्या झाडास जे नळ आहेत तेच, फक्त साध्या रीतीने बसविलेले. बी मात्र नाही, फूल नाही, फळ नाही.

बी नाही तर वंश चालतो कसा? येथे विद्यार्थी हमखास अडतात, म्हणून जरा थांबून सांगतो. तुऱ्यातून उडालेले बीजुक जमिनीवर पडते आणि रुजते; पण त्यातून लायकोपोडियमचे रोप उगवत नाही! त्यातून एक वेगळीच, लहानशी, पानाफुलाविना गाठीसारखी वस्तू तयार होते. पुष्कळ जातींत ती मातीखाली अंधारात राहते आणि एका बुरशीच्या आश्रयाने जगते. तिच्यावर नर व मादी पेशी तयार होतात. नरपेशीस दोन शेपट्या असतात, आणि ती पाण्याच्या थेंबातून पोहत मादीपेशीकडे जाते. त्या मीलनातून जो गर्भ होतो तो पुढे आपले ओळखीचे हिरवे रोप बनतो. काही जातींत या सगळ्यास कित्येक वर्षे लागतात. म्हणजे आजी आणि नात सारख्या, मधली आई निराळी, असा हा प्रकार आहे. यास पिढ्यांचे एकांतरण म्हणतात. मॉसपासून नेच्यांपर्यंत आणि पुढे बीजी वनस्पतींपर्यंत हा एकच नियम चालतो, हे १८५१ साली दाखवून दिले ते विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी. हे गृहस्थ विद्यापीठात शिकलेले नव्हते. वडिलांच्या पुस्तकांच्या व संगीतपत्रांच्या दुकानात ते काम करीत आणि फावल्या वेळात, विशेषतः पहाटे, सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पती चिरीत. पुढे १८६३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने त्यांस प्राध्यापक केले. पदवी नाही म्हणून खंत करणारी मुले आमच्याकडे येतात, तेव्हा आम्ही हे नाव फळ्यावर लिहितो.

आता वर्गीकरणाकडे वळू. आमच्या बी.एस्सी.च्या वह्यांत टेरिडोफायटा हा एक मोठा विभाग होता आणि त्याखाली चार वर्ग होते: सायलोप्सिडा, लायकोप्सिडा, स्फेनोप्सिडा व टेरोप्सिडा. आम्ही ते पाठ केले, परीक्षेत उतरविले आणि पुढे तसेच शिकविले. ही मांडणी आता राहिलेली नाही. बी नसलेल्या नलिकायुक्त वनस्पती एवढ्या एका गुणावरून सर्वांस एका घरात घातले होते. परंतु 'अमुक नाही' या गुणावरून नाते ठरत नाही. दोन माणसांना दाढी नाही म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. १९९२ साली हरितकणांतील डीएनएची तुलना करताना असे आढळले की, नेचे, अश्वपुच्छ आणि सर्व बीजी वनस्पती यांच्यात त्या डीएनएचा एक लांब तुकडा उलटा फिरलेला आहे. लायकोपोडियमच्या गणगोतात मात्र तो मॉससारखा, मूळच्याच दिशेने आहे. याचा अर्थ असा की नेचा हा लायकोपोडियमपेक्षा आंब्याला जवळचा. लायकोपोडियमचे कूळ चाळीस कोटी वर्षांपूर्वीच मुख्य वाटेवरून वेगळे झाले आणि तेव्हापासून स्वतःच्या वाटेने चालत आले आहे. पानातही ही खूण दिसते. या कुळाच्या पानात एकच शीर असते, फाटे नाहीत. नेच्यांच्या व फुलझाडांच्या पानात शिरांना फाटे फुटतात.

२०१६ साली जगातील अनेक तज्ज्ञांनी मिळून जी मांडणी प्रसिद्ध केली, तीत या कुळाचे तीनच गण ठेवले आहेत: लायकोपोडिएलीझ, सिलाजिनेलेलीझ आणि आयसोएटेलीझ. जाती सर्व मिळून सुमारे तेराशे. त्यांतील निम्म्याहून अधिक, सुमारे सातशे, एकट्या सिलाजिनेलाच्या. त्यांच्या शेजारी नेच्यांच्या सुमारे साडेदहा हजार जाती आहेत. संख्येने हे कूळ आता दुबळे झाले आहे. एके काळी ते पृथ्वीचे धनी होते, पण ते पुढे येईल.

येथे गृहिणी वाचकांसाठी एक खुलासा करणे भाग आहे. आपल्या हैदराबादी निहारीच्या पोटलीत व मराठवाड्याकडील काळ्या मसाल्यात जे दगडफूल पडते, ते या कुळातले नव्हे. एका पालक सभेत आम्हांस तसे विचारण्यात आले होते. दगडफूल म्हणजे शैवाक. बुरशी व शैवल यांनी मिळून थाटलेला संसार. ती मुळी वनस्पतीच नव्हे म्हटले तरी चालेल. तसेच युनानी जोशांद्यात हकीमसाहेब जे परसियावशान घालतात, ज्याला मराठीत हंसराज म्हणतात, तो खरा नेचा आहे. काळी चकचकीत दांडी आणि पंख्यासारखी पाने असलेला हा नेचा पडक्या विहिरींच्या आतल्या भिंतींवर वाढतो. किल्ल्यांच्या भिंतींच्या सांध्यांतून मोराच्या तुऱ्यासारखी जी मयूरशिखा उगवते, तीही नेचाच. लायकोपोडियमचे गणगोत यांहून वेगळे.

परंतु त्या गणगोतातील एक आसामी आपल्या रस्त्यांवर विकावयास येते, आणि तिच्याविषयी लिहावे म्हणूनच खरे तर आम्ही हा लेख हाती घेतला. चारमिनारच्या बाजूस एक फेरीवाला बसलेला असे. त्याच्यापुढे तपकिरी रंगाच्या सुकलेल्या, मूठ आवळल्यासारख्या गोळ्यांचा ढीग व पाण्याने भरलेले परात. तो एक गोळी पाण्यात टाकी आणि गर्दी जमली की ओरडे, "देखो साहब, मुर्दा जी उठा!" तासा-दोन तासांत गोळी उलगडून हिरवट पंख्यासारखी पसरे. ही संजीवनी. शास्त्रीय नाव सिलाजिनेला ब्रायोप्टेरिस. ती भारतातीलच आहे आणि मध्य भारताच्या व दक्षिणेच्या डोंगरांत उघड्या खडकांवर वाढते. पाऊस गेला की सुकून आवळते आणि महिनोन्महिने तशी राहते. पाऊस पडला की पुन्हा पसरते.

आमच्या नववीतील एका मुलाचे वडील काही वर्षांपूर्वी इस्पितळात अतिदक्षता विभागात होते. त्याच्या चुलत्याने या तीन गोळ्या विकत आणल्या आणि रुग्णाच्या उशाशी वाटीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मुलगा मधल्या सुट्टीत आमच्याकडे आला व म्हणाला, "सर, तिन्ही उघडल्या. आता अब्बा उठतील ना?" आम्ही वीस वर्षे शिकवीत आहोत, इतका अवघड प्रश्न आम्हांस कोणी विचारलेला नव्हता. त्या दिवशी आम्ही काहीच बोललो नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवला व त्याला डबा खावयास लावले. सुदैवाने डॉक्टरांची औषधे कोणी थांबविली नव्हती आणि त्याचे वडील महिन्याभराने घरी आले. त्या घरात आजही श्रेय संजीवनीला दिले जाते. त्यांच्या दिवाणखान्यात बसून आम्ही वाद घातला नाही. पण वर्गात गप्प राहणे आम्हांस पटले नाही.

आम्ही बाजारातून सहा गोळ्या आणल्या. तीन गोळ्या मुलांसमोर पातेल्यात अर्धा तास चांगल्या उकळल्या आणि उन्हात वाळविल्या. उकळल्यावर त्यांत जीव राहण्याचा प्रश्नच नव्हता; वाळताना त्या पुन्हा तशाच आवळल्या. मग सहाही गोळ्या सहा बशांत पाण्यात ठेवल्या. कोणती उकळलेली हे बशीखालच्या चिठ्ठीवरच लिहिलेले. संध्याकाळपर्यंत सहाही उघडल्या! मुले चक्रावली. मेलेली गोळीही 'जी उठली' होती. पुढे दोन आठवडे बशा खिडकीत ठेवल्या. उकळलेल्या तिन्हींवर बुरशी चढली. न उकळलेल्या तिघींपैकी दोघी काळपट पडल्या, म्हणजे त्या बाजारात येण्यापूर्वीच मेलेल्या असाव्यात. एकच हिरवीगार झाली आणि तिच्या टोकास नवी पाने आली. तो मुलगा बशांपुढे बराच वेळ उभा होता. मग त्याने विचारले, "म्हणजे उघडणं वेगळं आणि जगणं वेगळं?" आम्ही होय म्हटले.

त्यामागचे कारण असे. फांदीच्या आतल्या बाजूच्या व बाहेरच्या बाजूच्या पेशींच्या भिंती सारख्या घडलेल्या नसतात. पाणी गेले की एक बाजू अधिक आकसते आणि फांदी वळते. पाणी मिळाले की उलट होते. ओल्या फळीला बाक येतो त्यातलाच हा प्रकार, त्यास जीव लागत नाही. मेक्सिकोच्या वाळवंटात सिलाजिनेला लेपिडोफिला नावाचे हिचे भावंड आहे. तेथेही मेलेले झुडूप पाण्यात उघडते, हे शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे. आमच्या घरी तर याचे आणखी एक उदाहरण होते. आजी हजहून परतताना मरियम बूटी घेऊन आली होती. बाळंतिणीच्या खोलीत ती पाण्यात ठेवीत आणि ती उघडली की बाळंतीण लवकर मोकळी होईल असे मानीत. ही मरियम बूटी म्हणजे अरबस्तानच्या वाळवंटातील मोहरीच्या कुळातील एक फुलझाड. सिलाजिनेलाशी तिचे काही नाते नाही. ती तर पूर्ण मेलेलीच असते, पिढ्यान्‌पिढ्या पेटीत राहते आणि तरीही उघडते. आमच्या घरची अजून उघडते. आजी गेली, तिची आठवण म्हणून अम्मीने ती जपून ठेवली आहे, आणि त्यास आमची काही हरकत नाही.

परंतु संजीवनीचा खरा चमत्कार उघडण्यात नसून आत आहे. सामान्य वनस्पती नव्वद टक्के पाणी गमावून जिवंत राहू शकत नाही. तिच्या पेशींची आवरणे फाटतात. सिलाजिनेलाच्या या जाती सुकता सुकता पेशींत विशेष शर्करा साठवितात, त्यांतली एक ट्रेहॅलोज. पाणी गेल्यावर ही शर्करा काचेसारखी घट्ट होऊन पेशींतील नाजूक यंत्रणेस धरून ठेवते, पाकातला आवळा वर्षभर टिकतो तशी. २००५ साली भारतीय संशोधकांनी असे दाखविले की, सिलाजिनेला ब्रायोप्टेरिसचा अर्क प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींना उष्णतेच्या व अतिनील किरणांच्या इजेपासून काही अंशी वाचवितो. काचेच्या बशीतील पेशींवरचा तो प्रयोग आहे. अतिदक्षता विभागातील रुग्णावरचा नव्हे. रामायणात मूर्च्छित लक्ष्मणास उठविणारी संजीवनी हीच काय, याचाही काही शास्त्रज्ञांनी गंभीरपणे विचार केला. बंगळूरचे प्रा. गणेशय्या व त्यांचे सहकारी यांनी २००९ साली भाषांतील नावे, उगवण्याच्या जागा, गुणधर्म असे सर्व पारखून दोन वनस्पती शेवटपर्यंत शर्यतीत ठेवल्या. एक ही, आणि दुसरी एक आमरी, म्हणजे ऑर्किड. निर्णय त्यांनी दिला नाही, हे आम्हांस आवडले.

आता आमच्या चुकीविषयी. या कुळाचा सुवर्णकाळ म्हणजे कार्बोनिफेरस कल्प, सुमारे छत्तीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा युरोप व अमेरिका विषुववृत्तालगत होती आणि तेथील दलदलींत लेपिडोडेंड्रॉन नावाचे वृक्ष उभे होते. हे लायकोपोडियमचे राक्षसी चुलते. उंची तीस मीटरच्या वर, म्हणजे चारमिनारच्या निम्म्याहून अधिक. पण आत लाकूड थोडेच, सगळा भार जाड सालीवर. आयुष्याचा बराच काळ हे झाड खांबासारखे सरळ वाढे, शेवटी शेंड्यास फांद्या फुटत, तुरे येत, आणि झाड मरे. पाने गळून गेली की खोडावर चौकटीचौकटींच्या खुणा राहत. खाणीतून असे दगड निघत तेव्हा लोकांना ते अजस्र सर्पाचे कातडे वाटे. गंमत अशी की खोड, मूळ, पान व तुरा हे वेगवेगळे सापडल्यामुळे एकाच झाडास चार नावे पडली. मुळाचे नाव स्टिग्मारिया. ग्लासगो शहराच्या एका बागेत १८८७ साली अशा झाडांचे अकरा बुंधे जागच्या जागी उभे सापडले. त्यांवर छप्पर घालून ते जपले आहेत. इंग्लंड व अमेरिकेच्या कोळशाचा मोठा भाग या झाडांचा आहे.

पाठ्यपुस्तकांत हे चित्र असते आणि खाली 'कोळसा कसा बनला' असे लिहिलेले असते. आम्हीही कित्येक वर्षे वर्गात बेधडक सांगत आलो की आपल्या सिंगरेणीचा कोळसा लेपिडोडेंड्रॉनचा आहे. एका वर्षी मंचेरियालकडून आलेली एक मुलगी आमच्या वर्गात होती. तिचे वडील खाणीत कामास होते. सुट्टीहून परतताना तिने कोळशाच्या थरालगतचा पाटीसारखा एक दगड आणला. त्यावर जिभेच्या आकाराचे लांबट पान उमटलेले, मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंस जाळी. तिने शांतपणे विचारले, "सर, तुम्ही सांगितलं की त्या झाडाच्या पानात एकच शीर असते. यात तर जाळी आहे." आम्ही दगड हातात घेतला आणि आमच्या लक्षात आले की मुलीचे बरोबर आहे. तो ग्लॉसोप्टेरिस होता.

ग्लॉसोप्टेरिस म्हणजे जिभेसारखा नेचा. हे नाव ब्रॉन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२८ साली दिले. तो लायकोपोडियमचा कोणी नव्हे, नेचाही नव्हे. तो बीजधारी वृक्ष होता. आपला कोळसा पर्मियन कल्पातील, म्हणजे तीस ते पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा, युरोपच्या कोळशानंतरचा. त्या वेळी भारत दूर दक्षिणेस, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका यांना चिकटून होता आणि येथे हिमयुग नुकतेच ओसरत होते. चंद्रपूरजवळ इरई गावी त्या हिमनद्यांनी घासलेले खडक आजही दिसतात. अशा थंड प्रदेशात लेपिडोडेंड्रॉनसारख्या उष्ण दलदलीच्या झाडांस थारा नव्हता. ग्लॉसोप्टेरिसची रानेच्या राने होती. त्या खंडास गोंडवन हे नाव मिळाले ते गोंडांच्या मुलखावरून, म्हणजे आपल्याच शेजाऱ्यांवरून. १९१२ साली कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवाहून परतताना बर्फात मृत्यू पावले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सोळा किलो दगड होते. त्यांत हेच पान होते. गोदावरीच्या खोऱ्यात कोळसा आहे हे भूगर्भ खात्याच्या डॉ. किंग यांनी १८७१ साली दाखविले, १८८९ पासून तो निघू लागला, आणि आजवर त्याने निजामाच्या आगगाड्या चालविल्या, गिरण्या चालविल्या, विजेचे दिवे लावले. वर्धेच्या खोऱ्यातील बल्लारपूर, वणी येथील कोळसा त्याच घराण्याचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात उभे राहून सांगितले की गेली इतकी वर्षे हे चुकीचे शिकविले. जे विद्यार्थी शाळा सोडून गेले होते त्यांतील काहींस भेटतील तसे सांगितले. एक आता बँकेत आहे, तो हसला व म्हणाला, "सर, मला तर लेपिडोडेंड्रॉन हे नावही आठवत नाही." यास दिलासा म्हणावे की काय, ते आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही.

लेपिडोडेंड्रॉन संपले, पण त्यांचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग महाराष्ट्रात आहेत, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. ते म्हणजे आयसोएटिस. दिसावयास हुबेहूब कांद्याची पात: जमिनीत लहानशी गड्डी आणि वर टोकदार पानांचा झुबका. पावसाळ्यात खडकावरील उथळ डबक्यांत उगवते आणि डबके आटले की नाहीशी होते. गड्डी तेवढी मातीत राहते. या गड्डीतून मुळे ज्या रीतीने निघतात, तीच रीत स्टिग्मारियाच्या दगडात दिसते. तीस मीटरचे झाड आणि वीतभर पात, पण मुळांचा आराखडा एकच. दुसरी करामत म्हणजे काही आयसोएटिस पाण्यात राहूनही निवडुंगाप्रमाणे रात्री कार्बन वायू साठवून ठेवतात व दिवसा वापरतात. हे कीली या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८१ साली उघड केले. डबक्यात दिवसा शैवले व इतर वनस्पती तो वायू संपवून टाकतात, म्हणून ही रात्रपाळी.

पुण्याचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. त्र्यं. शं. महाबळे यांनी १९३८ साली आयसोएटिस सह्याद्रिएन्सिस ही नवी जात जगापुढे मांडली. १९४५ साली शेंडे यांनी पाचगणीची आयसोएटिस दीक्षिताय नोंदविली. लहान जांभ्याच्या पठारांपलीकडे अशा जातींस घर नाही. पाचगणीचे टेबललँड सहलीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे घोडे पळतात, कणसे भाजली जातात, आणि पायाखाली तीस कोटी वर्षांचे घराणे उगवलेले असते.

एका ऑगस्टमध्ये आम्ही मुद्दाम तेथे गेलो. धुके इतके की दहा पावलांपुढचे दिसेना. दोन तास डबकी धुंडाळली, गवतच गवत. अखेर एका घोटाभर पाण्याच्या खळग्यात काही झुबके दिसले. रोप आम्ही उपटले नाही. घोड्याच्या टापेने तुटलेले एक पान पाण्यावर तरंगत होते ते उचलले आणि त्याचा तळ नखाने उघडला. आत पांढरट पिशवी, आणि तीत खसखशीएवढे दाणे, साध्या डोळ्यांनी मोजता येतील असे. ही मादी बीजुके. दाणे आम्ही परत त्याच खळग्यात झाडले. मागे लगाम धरून एक घोडेवाला उभा होता. तो म्हणाला, "काय घावलं सायेब, कांदा?"

"कांद्यासारखंच काहीतरी. पण फार जुनं आहे," आम्ही म्हटले, "घोडा जरा त्या बाजूनं घेता का?"

त्याने खळग्याकडे वाकून पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि घोडा पलीकडून नेला.